आधी कोणी बोलायचं

या खेपेला आपण आधी बोलायचं नाही, असं मी सोमवारी ठरवलं. रविवारी गोंदियाजवळच्या गोरेगावला माझ्या बायकोच्या, अल्काच्या, भाच्याचं बारसं होतं आणि मी गेलो नव्हतो, कारण कॉलेजच्या रोबोच्या हाताचा प्रोग्राम लिहीत बसलो होतो. (मी गोंदियाच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. नऊ वर्षं टेम्पररी.) शुक्रवारपर्यंत बायको बोलली नाही, मीही नाही. घरात फ्रिज तेवढा आवाज करायचा.

शनिवारी मी रोबो घरी आणला. डोळ्याचा, म्हणजे कॅमेऱ्याचा, प्रोग्राम कॉलेजातल्या देवेंद्र सरांचा, हाताचा माझा. डोळ्याने कप शोधायचा, हाताने उचलून द्यायचा. दोन्ही वेगवेगळे तपासले होते, दोन्ही पास. एकत्र चालवून बघायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात सासरे, सेवकरामजी, आले. मुलीला इथे ठेवायचं की घेऊन जायचं, हे बघायला. अल्काने टेबलावर चहा ठेवला आणि आत गेली.

"बाबा, आता हाच तुम्हाला चहा देईल," म्हणत मी बटण दाबलं. पाच मिनिटं झाली, रोबो ढिम्म.

"काऊन थांबून राह्यला हा?"

मी स्क्रीन पाहिली. "हात 'तयार' म्हणेपर्यंत डोळा बघत नाही. आणि डोळा 'दिसला' म्हणेपर्यंत हात तयार होत नाही."

"म्हंजे दोघंबी वाट पाहून राह्यले." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग जवाईबापू, एकानं बोलाव ना पयले."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. अल्का ऐकत होती. मी उठून आत जायला हवं होतं, एवढंच. मी लॅपटॉप ओढला आणि हाताच्या प्रोग्राममधलं वाट पाहणं काढून टाकलं.

हात सणकन फिरला. चहा सासऱ्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर.

अल्का धावत आली. "बाबा, भाजलं काय?" मग माझ्याकडे वळली. "मशीनले बोलतं कराले लॅपटॉप घेतला तुमी. माह्याजवळ याले दोनच पावलं होते."

तिची पिशवी आधीच भरलेली होती. तीनच्या एसटीने दोघं गेले. मी फाटकापर्यंत गेलो आणि फाटक लावून परत आलो. फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी चूक सुधारली: आधी डोळ्याने बोलायचं, मग हाताने. डोळ्याने कप पाहिला, हाताला कळवलं, हाताने तो अलगद माझ्या हातात ठेवला. कप रिकामाच होता. डोळा, हात आणि मी, तिघांपैकी कोणालाच चहा करता येत नव्हता.