उघड्या डोळ्यांचा तास

अर्थशास्त्राचे सर डोळे मिटून शिकवत. दोन्ही हात टेबलावर टेकवायचे, पापण्या मिटायच्या आणि मग मागणी, पुरवठा, किंमत असं काही धो धो वाहायचं की घंटासुद्धा त्यांना ऐकू येत नसे. मुलं त्यांना 'समाधी सर' म्हणत. तासाला अर्धी मुलं चपला हातात घेऊन पसार होतात, हे सरांखेरीज सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं.

अखेर प्राचार्यांनी त्यांना अध्यापनाच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथल्या बाईंनी त्यांचं दुखणं लगेच ओळखलं. "सर, मुलांच्या डोळ्यांत बघा. बाकीचं आपोआप जमेल."

सरांनी घरी बायकोवर सराव सुरू केला.

"असं काय बघताय? काय फोडलंत?"

"काही नाही गं. नजर भिडवतोय."

"आत्ता? पोरगी कॉलेजात गेल्यावर?" ती जराशी लाजली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन कपबशा मोजून आली.

सर कामावर परत रुजू होताच प्राचार्य म्हणाले, "उद्या तुमच्या तासाला मागे बसतो. फरक दिसला पाहिजे, नाहीतर शेवटच्या वर्षाचा वर्ग दुसऱ्या कुणाला देईन."

सरांचा सगळा जीव त्या वर्गात होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर हात टेकवले आणि डोळे टक्क उघडे ठेवले. वर्ग पहिल्यांदाच दिसला. खिडकीजवळचा मुलगा पडजीभ दिसेल एवढी जांभई देत होता. पहिल्या बाकावरच्या मुलीची नऊ नखं रंगवून झाली होती.

"तर, मागणी वाढली की..." सर म्हणाले. पुढचं वाक्य गायब. डोळे मिटले असते तर सापडलं असतं, पण मागून प्राचार्य रोखून बघत होते. सरांनी काकुळतीला येऊन नखंवालीकडे पाहिलं.

तिला वाटलं, प्रश्न आपल्याला आहे. "किंमत वाढते, सर."

सरांनी मान डोलावली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांची केविलवाणी नजर जांभईवाल्यावर गेली.

तो दचकून उठला. "नेहमीच नाही काही! माझ्या काकांचं मोबाइलचं दुकान आहे. गिऱ्हाईक वाढलं आणि मोबाइल उलट स्वस्त झाले."

"अरे, कंपन्या वाढल्या म्हणून!" मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला.

"मग भाडं का नाही उतरत? खोल्या काय कमी बांधल्यात?"

सर ज्याच्याकडे आशेने बघत, तो बोलायला लागे. बघता बघता वर्गात हमरीतुमरी सुरू झाली. घंटा झाली तरी कुणी उठेना. सरांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

प्राचार्य लगबगीने पुढे आले. "वा! एक शब्द न बोलता वर्ग पेटवलात!"

"साहेब, खरं सांगायचं तर मी विसर..."

"विनय पुरे. एवढा परिणाम होत असेल, तर सोमवारपासून सगळाच स्टाफ त्या प्रशिक्षणाला जाईल."

बातमी सरांच्या आधी स्टाफरूममध्ये पोचली. ते आत शिरताच सगळ्यांनी खुर्च्या फिरवून त्यांच्याकडे पाठ केली. सर घाईघाईने प्राचार्यांच्या खोलीत गेले.

"साहेब, सगळेच गेले तर त्यांचे तास?"

"तुम्ही आहात की. पहिला तास पदार्थविज्ञानाचा."

"अहो, मला त्यातलं अक्षर येत नाही!"

"मग?" प्राचार्य प्रेमाने म्हणाले, "आज तरी तुम्ही कुठे काय बोललात?"