पाती काढल्याबिगर

मी मुळात भित्रा माणूस. मिक्सरचं झाकण बायकोनं धरल्याशिवाय मी बटण दाबत नाही. तरीही परवा दुपारी मेहुण्याला फोनवर म्हणून बसलो, "त्यात काय एवढं, मी जोडून ठेवतो." (बोरीच्या एका शाळेत कारकून आहे मी. तिथला अडकलेला प्रिंटर माझ्याशिवाय कुणाला सुटत नाही, त्याचा हा माज.)

मेहुणा आदिनाथ लग्नाचं शूटिंग करतो. नवा कॅमेरा-ड्रोन, त्याचा रिमोट आणि डोळ्यांवर बांधायचा व्हिडिओ गॉगल आमच्या ओसरीत ठेवून तो मांडव बघायला गंगाखेडला गेला होता; ड्रोन आणि गॉगल एकमेकांना जोडायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी त्याचं ड्रोनचं पहिलंच लग्न. ते फसलं तर पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं.

"दाजी, ध्यानात ठिवा," तो म्हणाला, "पाती काढल्याबिगर बॅटरी लावू नका. बोटं जातील."

ड्रोनच्या त्या चार पात्यांना हात लावायची छातीच होईना. मी बायकोला हाक मारली.

"रेणुका, पाती काढ गं. एक पण ठेवू नको. आदिनाथनं सांगितलंय."

"एक बी नगं? त्याला लय आवडतेत म्हना," असं म्हणत ती उठली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. काही वेळानं विचारलं, "झालं का?"

"कवाच काढल्या."

(ड्रोनची पाती असती तर ‘काढली’ म्हणाली असती. पण भीतीत व्याकरण कुणाला सुचतं?)

मी आधी गॉगल चढवला, निदान डोळे तरी वाचावेत म्हणून. मग चाचपडत बॅटरी बसवली, दोन्हीकडची बटणं दाबली. टिकटिक झाली आणि समोर माझाच गुडघा दिसला. जोडलं गेलं होतं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, आणि त्या भरात रिमोटच्या दोन्ही दांड्या ओढल्या.

घर्रर्र झालं. पायांना गार वारा लागला. पाती काढल्यावर वारा कुठून?

"रेणुका, पाती काढलीस ना नक्की?"

"टोपलंभर काढल्या की. वाफ्यात कांद्याची एक पात ठिवली न्हाई. तुमी काय करायलाव तिकडं?"

ड्रोन उठला होता. गॉगलमध्ये खाली एक टकला माणूस हात वर करून सैरावैरा पळताना दिसला. कोण बिचारा, असं वाटलं, आणि मग त्याच्या अंगातला बनियन ओळखीचा निघाला. रिमोट हातातून पडला. मी मिळेल त्या दिशेनं सूर मारला. डोक्याला बाजेचा पाय लागला, तसा सरपटत बाजेखाली शिरलो.

ड्रोन आपसूक जमिनीवर बसला, पण पाती काही थांबेनात. तेवढ्यात धप्पकन आवाज झाला आणि समोर जाळीच जाळी दिसू लागली. आपण गजाआड गेलो, असंच मला वाटलं. प्रत्यक्षात रेणुकानं कोंबड्या झाकायचं डालं ड्रोनवर पालथं घातलं होतं. घरघर थांबली. मी मात्र बाजेखालून निघालो नाही.

फोन वाजला. रेणुकानं उचलला. पलीकडून आदिनाथचा आवाज आला, "आक्का, समदं नीट हाय ना?"

"नीटच हाय रं," ती म्हणाली. "ड्रोन डाल्याखाली हाय, तुजे दाजी बाजेखाली हायत. आगुदर कुणाला काढू?"

मी बाजेखालून कान टवकारले.

"ड्रोनला," आदिनाथ म्हणाला. "दाजीचं उद्या लग्नात काय काम हाय?"