बहात्तर नंबरचं विमान

"विमान मी आणतो," असं मी पोळी चावता चावता बोलून गेलो. तोंडात घास असताना बोलू नये म्हणतात ते उगीच नाही. घास गिळला असता तर शब्दही गिळता आला असता.

झालं असं. आमच्या उज्जैनला मराठी मंडळींचा समाज आहे. तो दर वर्षी घरच्या गणपतीच्या झांक्यांची, म्हणजे देखाव्यांची, स्पर्धा ठेवतो. आमची अक्का (म्हणजे माझी बायको, तिला अख्खा मोहल्ला अक्का म्हणतो, मीही म्हणतो, नावाने हाक मारायची हिंमत कुणाची?) लग्न होऊन आल्यापासून त्या स्पर्धेत उतरते. दर वर्षी तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं. उत्तेजनार्थ म्हणजे एक स्टीलची वाटी, तळाला समाजाचं नाव कोरलेली. आमच्याकडे पाहुणे आले की सगळे उत्तेजनार्थच जेवतात.

पहिला नंबर समोरच्या घरातल्या सुनंदाबाईंचा. नवरा बँकेत ऑफिसर. यंदा त्यांच्याकडे रंगीत टीव्हीही आला आणि आवाजही वाढला. टीव्हीचा आणि बाईंचा, दोन्हींचा.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. आमच्या जयंताने इंदूरला फ्लॅट घेतला आणि फोनवर सांगून टाकलं, "आई, पुढच्या वर्षीपासून गणपती आमच्याकडे. तुम्ही दोघं या पाहुण्यासारखे." अक्का "बरं" म्हणाली. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "या वेळी शाडू जास्त आणा." मी शाळेत चौथीपर्यंतच गेलो, पण एवढं वाचता येतं. तिला या घरातून देव निघायच्या आत एकदा, फक्त एकदा, पहिला नंबर हवा होता.

उन्हाळ्यात सिंहस्थ झालेलं. रामघाटावर अक्का डुबकी मारून वर आली आणि त्याच वेळी डोक्यावरून एक विमान गेलं. ओलेत्यानेच तिने हात जोडले. सूर्याला की विमानाला, हे मी अजून विचारलेलं नाही. तर यंदाची झांकी तीच. रामघाट, पायऱ्या, साधू, हत्ती, मधे बाप्पा आणि वर विमान.

"विमान पुठ्ठ्याचं करू?" अक्का म्हणाली.

"पुठ्ठ्याचं कशाला? आता सगळं मिळतं. विमान मी आणतो."

फ्रीगंजला झमकलाल सेठचं दुकान आहे. आधी पाट्या-पेन्सिली विकायचा. देशाचे दरवाजे उघडले म्हणतात, त्यातून पहिला वारा बहुतेक याच्याच दुकानात शिरला असावा. आता कपाटात विमानांचे डबे. वर चित्र असं की विमान आत्ता तुमच्या मांडीवर उतरेल.

एका डब्यावर लिहिलं होतं, वर एक, खाली अठ्ठेचाळीस. परदेशी माल. भाव ऐकून मी खुर्चीवर बसलो. दुसऱ्यावर वर एक, खाली बहात्तर. हा इथलाच, देशी. भाव अर्ध्याहून कमी. डबे दोन्ही सारखेच मोठे.

आता ऐका. मी हयात मिलमध्ये काढली, कताई खात्यात. सूत चाळीस नंबरचं असतं तसं ऐंशी नंबरचंही असतं. चाळीस म्हणजे जाडंभरडं, ऐंशी म्हणजे मलमल. नंबर जितका मोठा तितका माल महीन आणि भाव चढा. हे मिलच्या दारातल्या कुत्र्यालाही माहीत असायचं. आणि हा येडा बहात्तर नंबर स्वस्त विकतोय आणि अठ्ठेचाळीस महाग!

"सेठ, भाव उलटे तो नहीं लग गये?"

"नहीं बापूजी. अड़तालीस बड़ा आता है."

"बड़ा आता है? मला शिकवता? बहत्तर महीन माल है. सूत में जिंदगी गई मेरी. उसका भाव ज्यादा होना चाहिए, कम नहीं."

झमकलालने माझ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. "आप कहते हो तो होगा सा," तो माळवी अदबीने म्हणाला.

तेवढ्यात दुकानात सुनंदाबाई! त्यांनाही कुठून तरी वास लागलेला. (आमच्या मोहल्ल्यात फोडणी आणि बातमी एकदमच पसरते.) त्यांनी दोन्ही डबे पाहिले आणि मला विचारलं, "बापू, कोणतं चांगलं हो?"

"अठ्ठेचाळीस घ्या," मी म्हणालो. "तुम्हाला शोभेल."

त्यांनी घेतलं. मी बहात्तर घेतलं आणि सायकलवर शीळ घालत निघालो. दुकानदाराला गंडवलं, सुनंदाबाईंना गंडवलं. फ्रीगंजपासून देवास गेटपर्यंत रस्ता उताराचाच आहे असं मला वाटत होतं. (नाहीये.)

घरी डबा उघडला. आत विमान नव्हतं. आत एक प्लास्टिकचा कंगवा होता आणि त्याच्या दातांना विमानाचे तुकडे लटकत होते. मी तसाच परत गेलो.

"टूटा हुआ माल दिया!"

"बापूजी, वो जोड़ना पड़ता है."

"कौन जोड़ेगा?"

"आप."

"मग भाव कशाचा घेतला? सदरा म्हणून कापड विकायचं आणि वर सुईदोरा हातात द्यायचा?"

"सुईदोरा भी अलग से है," झमकलाल म्हणाला आणि डिंकाची नळी पुढे केली. तिचे पैसे वेगळे.

जोडणी म्हणाल तर देशी मालाने मला घाम फोडला. प्रत्येक तुकड्याच्या कडेला पातळ पापुद्रा, तव्यावर डोसा पसरावा तसा. तो ब्लेडने खरवडायचा. पंख बसवले तर एक आकाशाकडे, एक पाताळाकडे. पोटाच्या दोन फाका जुळेनात, मधून दिवाळीच्या पणतीची वात जाईल एवढी फट. शेवटी फटीत अक्काचा शाडू भरला. कागदावर नुसती चित्रं होती, अक्षर एक नाही. ते बरंच होतं, इंग्रजी असतं तर मी वाचल्याचं नाटक केलं असतं.

पंखाखाली लावायला दोन बाँब निघाले. डब्यावर पाहिलं तर विमान लढाईचं.

"घाटावर बाँब टाकणार आहात?" अक्का म्हणाली. तिने बाँब काढून घेतले, पिवळे रंगवले आणि घाटावर कलश म्हणून ठेवले. शोभले हो!

विमान तयार झालं आणि मी ते तळहातावर घेऊन उभा राहिलो. तळहात म्हणजे तळहातच. त्यापेक्षा ते मोठं नव्हतंच.

अक्काने ते घाटावर धरलं. तिचा प्रत्येक साधू वीतभर, हत्ती दीड वीत. साधूने मनात आणलं असतं तर विमान झोळीत टाकून चालता झाला असता.

"हे विमान आहे की माशी?" ती म्हणाली.

"बहात्तर नंबर आहे," मी म्हणालो. "महीन माल."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, फडताळातून एक उत्तेजनार्थ वाटी काढली आणि तीत शाडूचं पाणी कालवायला लागली. त्या वाटीचा आवाज मला सगळं बोलला.

समोर काय चाललंय ते पाहायला मी प्रसादाच्या निमित्ताने सुनंदाबाईंकडे गेलो. त्यांचं विमान हातभर! पंख सरळ, रंग चकचकीत, फट म्हणून औषधाला नाही. त्यांनी ते दोऱ्याने बाप्पाच्या बरोबर समोर टांगलं होतं.

"बापू, तुम्ही सांगितलंत म्हणून घेतलं हो," त्या म्हणाल्या. "तुमचं कसं झालंय?"

"वेगळं झालंय," मी म्हणालो. खोटं बोललो नाही.

घरी येऊन मी ते विमान हातात घेतलं. माझं डोकं तापलं होतं. फेकून द्यावं म्हटलं, पण पैसे मोजलेले. मागच्या भिंतीवर अक्काने तिची निळी जॉर्जेटची साडी आभाळ म्हणून लावली होती. तिच्या वरच्या कोपऱ्यात कॅलेंडरचा खिळा होता. "जा मर तिथे," म्हणून मी विमान त्या खिळ्याला अडकवलं आणि पाय आपटत दाराशी आलो.

"अहो, हात लावू नका!" अक्का ओरडली.

"काढतो, काढतो..."

"काढू नका म्हणतेय! इकडे या. माझ्या शेजारी उभे राहा."

उभा राहिलो. विमान दूर गेलं होतं. खरंच दूर. क्षिप्रेच्या पलीकडे, आभाळात, वर. लहान होतं म्हणूनच ते दूर होतं. मोठं असतं तर साडीला टांगलेलं खेळणं दिसलं असतं.

मी म्हणालो, "हेच माझ्या डोक्यात होतं."

"गप्प बसा आणि शाडू मळा," अक्का म्हणाली.

मग तिने जे केलं ते मला सात जन्मात सुचलं नसतं. पुढच्या पायरीवर वीतभर साधू, मधल्या पायरीवर बोटभर, मागच्या पायरीवर नखाएवढे. पुढे हत्ती, मागे हत्तीचं पिल्लू, त्याच्या मागे एक काळा ठिपका (तोही हत्तीच, तिने सांगितलं म्हणून). पलीकडच्या काठावर सुपारीएवढी मंदिरं. आमची बाहेरची खोली एवढीशी, पण तीत रामघाट मावला आणि वर जागा उरली. बाप्पा मधे बसून सगळ्यांकडे लक्ष ठेवून होते.

परीक्षक होते भय्यासाहेब. जुन्या दरबारी घराण्यातले, काळी टोपी, हातात काठी, कमी बोलणारे. आधी समोर गेले. आमचं सगळं घर खिडकीत. भय्यासाहेब बाप्पाला नमस्कार करायला वाकले आणि उठताना त्यांची टोपी विमानाच्या पंखात अडकली. भय्यासाहेब खाली, टोपी वर, दोऱ्यावर गोल गोल फिरतेय. सुनंदाबाई म्हणत होत्या, "परदेशी आहे हो, मजबूत आहे."

टोपी सोडवून भय्यासाहेब आमच्याकडे आले. दारातच थांबले. अक्काने पदराचं टोक बोटाला एवढं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं.

भय्यासाहेबांनी मान वर केली, कपाळावर हात धरला, उन्हात पाहावं तसा.

"हे कुठं चाललं आहे?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार होतो. अक्का म्हणाली, "ठाऊक नाही. मी तर पाण्यात उभी आहे."

भय्यासाहेबांनी टोपी सारखी केली आणि विमान दिसेनासं व्हायची वाट पाहावी तसे उभे राहिले.

पहिला नंबर अक्काचा आला. बक्षीस समई होती, पितळी, चांगली जड. अक्का ती दोन्ही हातांनी धरून घरी आली, मला हात लावू दिला नाही. सुनंदाबाई आल्या, झांकी पाहिली, म्हणाल्या, "अक्का, विमान लहानच शोभतं बाई. बापूंनी मला मुद्दाम मोठं घ्यायला लावलं." त्या दिवसापासून मोहल्ल्यात मी फार बेरकी माणूस म्हणून ओळखला जातो. मी विरोध केलेला नाही.

विसर्जनाला जयंता आला, सूनबाई स्नेहासह. झांकीसमोर तोही थबकला. मग म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी फ्लॅटवर हे कसं करशील? आमचा हॉल..."

"तेच म्हणतेय," अक्का म्हणाली. "विमान हलवलं तर मोडेल. ह्यांनी शाडूने चिकटवलंय. तुम्हीच इकडे या."

जयंताने माझ्याकडे पाहिलं. मी विमानाकडे पाहिलं. माझ्या वाईट कामाचा एवढा चांगला उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच होत होता.

"बरं," जयंता म्हणाला. अगदी आईसारखा.

तर देव इथेच राहिले. आणि पुढल्या वर्षी श्रावणातच अक्का म्हणाली, "आणखी दोन विमानं हवीत. तसलीच, बारीक." मी छाती काढून फ्रीगंजला गेलो. आता मला सगळं कळलं होतं. बहात्तर म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा हिस्सा, म्हणून लहान, म्हणून स्वस्त.

दुकानात ही गर्दी! निम्मा मराठी समाज काउंटरवर, सगळ्यांना अक्कासारखं दूरचं विमान हवंय. झमकलालने मला पाहिलं आणि गल्ल्यावरून उठला.

"आओ सा, आओ! ये हैं हमारे बापूजी. इन्हीं ने सिखाया मुझे."

मी डबा उचलला, किंमत पाहिली आणि पुन्हा त्याच खुर्चीवर बसलो. बहात्तरचा भाव अठ्ठेचाळीसच्या वर गेला होता.

"सेठ, ये क्या? हे तर लहान आहे!"

"छोटा नहीं बापूजी, महीन है," झमकलाल सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आपने ही तो कहा था, भाव ज्यादा होना चाहिए. सूत में जिंदगी गई आपकी. आपको सस्ता चाहिए तो अड़तालीस ले जाओ, मोटा माल."

सगळे माझ्याकडे आदराने पाहत होते. मी दोन डबे घेतले. घासाघीस केली नाही, कोणत्या तोंडाने करणार? झमकलालने गुरुदक्षिणा म्हणून माझ्यासाठी चहा मागवला.

कप बहात्तर नंबरचा होता.