ठाणेदाराची नऊ अंडी

झनकलाल कटरे यांच्या अंगणात पाय ठेवलात की आधी हसावं लागतं. हसल्याशिवाय चहा मिळत नाही. हे मी गमतीनं सांगत नाही. आमच्या कामठ्यात कुणालाही विचारा, प्रत्येकानं कधी ना कधी त्या अंगणात उभं राहून, काहीही विनोदी घडलेलं नसताना, खो खो हसून दाखवलेलं आहे.

"हास गा," काका खाटेवर बसल्या बसल्या हुकूम सोडतात.

तुम्ही ओशाळून 'हॅ हॅ' करता. काका मान हलवतात.

"हे काय हासनं झालं? दात दुखून राहिले का? पोटातून हास."

मग तुम्ही नाइलाजानं पोटातून हसता आणि तेवढ्यात जांभळीखालून एक काळा पक्षी मान ताणून 'गुडगुडगुडगुड' असा ओरडतो, की पहिल्यांदा आलेला माणूस दोन पावलं मागेच सरतो. तो नर टर्की. तो बोलला की काका आत बघून म्हणतात, "बोलला. चहा मांडतो." घरात दुसरं कुणी नाही. काकाच उठतात आणि चहा मांडतात.

नर टर्कीची तब्येत अशीच तपासायची असते, असं काकांचं म्हणणं. हसण्याला उत्तर दिलं तर पक्षी ठणठणीत. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं, तर ते म्हणाले, पुस्तकात असं काही नाही. पण लस टोचायला आले तेव्हा तेही हसूनच चहा प्यायले होते. स्वतः काका मात्र कधी हसत नाहीत. मी त्यांचा तीन वर्षांपासूनचा शेजारी. माझी धान भरडायची छोटी गिरणी त्यांच्या कुंपणाला लागून आहे. तीन वर्षांत या माणसाचे दात मी फक्त दातवण करतानाच पाहिले.

या नराचं नाव ठाणेदार. नाव सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं ठेवलं. छाती फुगवून, पंख जमिनीला घासत तो अंगणात गस्त घालायचा, आणि रागावला की तोंडाचा रंग लालाचा निळा व्हायचा. कुठल्याही मोठ्या आवाजाला उत्तर देणं हा त्याचा स्वभाव. काकांचं घर ग्रामपंचायतीच्या मागे. एका ग्रामसभेत सरपंचांच्या प्रत्येक वाक्यानंतर भिंतीपलीकडून 'गुडगुडगुड' येत राहिलं आणि सभेचं हसं झालं. सरपंचांनी माणूस पाठवला, पक्ष्याला आवरा म्हणून.

"कायले आवरू?" काका म्हणाले. "सभेत बाकी कोनी बोलूनच नाही राहिलं. एकटा हाच त बोलते."

काकांचा खरा ध्यास म्हणजे या पक्ष्यांचं खानदान. टर्कीला कोंबडी म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यातही ही जुनी काळी जात, अंगावर पितळेसारखी झाक असलेली. अनुसयाकाकूंनी, म्हणजे काकांच्या दिवंगत पत्नीनं, बालाघाटकडच्या माहेराहून टोपलीत घालून एक जोडी आणली होती, तिचाच हा वंश. काका पोवार समाजाचे. आपले पूर्वज माळव्यातून कसे आले हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतातच, आणि त्याच दमात टर्कीचंही सांगतात.

"आमी माळव्यातून आलो, हे सात समुद्र पार करून आले. दोघंबी इथं धान खाऊन टिकलो."

शहरातल्या एका कुक्कुटपालनवाल्यानं त्यांना मोठा पांढरा नर देऊ केला. म्हणाला, काका, तुमच्या माद्यांना लावा, पिल्लं दुप्पट वजनाची होतील. काकांनी त्या नराभोवती दोन फेऱ्या मारल्या. मुलगी बघायला आलेल्या मामासारखी त्याची चाल पाहिली, पाय पाहिले. मग विचारलं, "हा आपल्या मनानं मादीजवळ जाते का?"

तो माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, छातीच एवढी वाढवलीय, की त्याला ते जमत नाही. डॉक्टरला सुईनं करावं लागतं.

"बापा!" काका म्हणाले. "ज्याच्या संसारातबी डॉक्टर लागते, थो मले नाही पायजे. खानदान पाहा, वजन नका पाहू."

'खानदान पाहा, वजन नका पाहू' हे वाक्य ते कुठेही लावतात. लग्नाच्या बोलणीत लावतात, धानाच्या बियाण्याला लावतात. सुनंदा जरा जाड झाली म्हणून मी तिला चिडवत होतो, तेव्हा कुंपणापलीकडून मलाही ऐकवलं होतं. फार्महाऊसवरच्या पार्टीसाठी पक्षी मागायला कुणी गाडी घेऊन आला आणि त्यानं "कितने किलो का होगा?" असं विचारलं, की सौदा तिथंच मोडतो. त्याच्याकडून हसून घेतात, चहा पाजतात आणि रिकामा परत पाठवतात. पाळणाऱ्याला देतील, कापणाऱ्याला नाही. त्यामुळे वंश फार पसरला नाही. त्यात रानमांजरानं दोन माद्या नेल्या, आणि उरले ठाणेदार आणि एक तरणी मादी.

फाल्गुनात ठाणेदार गेला. म्हातारा झाला होता. सकाळी जांभळीखाली मान टाकून पडलेला दिसला. काकांनी त्याला परसात पुरलं आणि त्या दिवशी अंगणाचं फाटक लावून घेतलं. मला वाटलं, संपलं आता. पण नर गेल्यानंतरही मादीची अंडी काही दिवस फळतात. तिनं एकेक करत नऊ अंडी घातली आणि थांबली. जगात दुसरीकडे काळी टर्की असेलही. काकांच्या लेखी ती नऊ अंडी हेच सगळं खानदान होतं.

मादीला बसवायला गेले, तर ती बसेना. टोपलीत ठेवली की उडी मारून बाहेर. तेव्हा काका आमच्याकडे आले. आमची एक गावठी कोंबडी खुडूक झाली होती, म्हणजे उबवायला बसायच्या नादात होती. सुनंदानं ती आनंदानं दिली. काकांनी टोपलीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलं, नऊ अंडी मांडली आणि एका कडेला लोखंड म्हणून काकूंचा धान कापायचा जुना विळा खोचला. वीज कडाडली तर अंडी वाया जातात, म्हणून आमच्याकडे टोपलीत लोखंड ठेवतातच. खिळाही चालला असता. मी तसं म्हणालोही. काकांनी विळा आणखी खोल खोचला.

आता माझी अक्कल ऐका. काका दुसऱ्या दिवशी गोंदियाला बाजारात गेले आणि मला कोंबडीला पाणी ठेवायला सांगून गेले. मी पाहिलं, तिच्या पोटाखाली अजून जागा आहे. खुडूक कोंबडीखाली रिकामी जागा दिसली की आमच्या भागातल्या माणसाच्या हाताला चैन पडत नाही. मी घरून तिचीच अंडी आणली आणि कडेनं सरकवली. बसवायच्या अंड्यांचा आकडा विषम हवा, या आमच्याकडच्या रिवाजाचं मला बरोबर भान होतं, म्हणून मोजून दोनच ठेवली. नऊ आणि दोन अकरा. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं आणि टर्कीचं अठ्ठावीस घेतं, एवढंच तेवढं सुचलं नाही. मी गिरणीवर जाऊन भजी खाल्ली आणि विसरून गेलो.

बाविसाव्या दिवशी काका कुंपणाशी आले. "गोपाल, दोन पिल्लं निंगाले गा. पिवळे हायेत."

मी सगळं सांगितलं. आई झालेली कोंबडी काय करणार? तेविसाव्या दिवशी ती दोन पिल्लं घेऊन उकिरड्यावर दाणे टिपायला निघून गेली. धरून आणली, टोपलीखाली झाकली, पण ती अंडी तुडवायला लागली. नऊ अंडी उघडी पडली आणि अजून पाच दिवस जायचे होते. वीज लावून ऊब द्यावी, तर उन्हाळ्यात आमची वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही.

मी शिव्या खायच्या तयारीनं उभा होतो.

"कोंडा हाय का गिरनीत?" काकांनी विचारलं.

धान भरडल्यावर उरणारा कोंडा मी पोत्यानं आणून दिला. त्यांनी तो वैशाखाच्या उन्हात पत्र्यावर तापवला, हातानं चाचपून मोठ्या टोपलीत भरला आणि काकूंच्या एका मऊ लुगड्यात अंडी गुंडाळून त्यात पुरली. थंड झाला की दुसरा कोंडा, फार तापला की वरून ओलं फडकं. ऊब मोजायची तर अंडं मिटलेल्या पापणीला लावायचं. पापणीला सोसलं तर पिल्लाला सोसतं, असं काकू म्हणायच्या म्हणे. शेतावर जाणं बंद, बाजार बंद. मी दुपारी नवा कोंडा घेऊन जायचो आणि टोपली फाटकाशी ठेवून पळ काढायचो. सुनंदा घरी माझ्याशी बोलत नव्हती, तिकडे काका नेहमीसारखे बोलत होते. मला दोन्ही सोसवत नव्हतं.

चौथ्या दिवशी फाटक उघडं दिसलं म्हणून मी कोंड्याची टोपली घेऊन थेट ओसरीपर्यंत गेलो, आणि जागच्या जागी थांबलो. आतून एक बाई हसत होती. अशी तशी नाही, श्वास घ्यायलाही न थांबता, पोटातून. त्यामागोमाग 'गुडगुडगुड' ऐकू आलं. बाई आणखी हसली, तो आणखी ओरडला.

त्या घरात बाई नव्हती आणि ठाणेदार परसात पुरलेला होता. मी दारातून पाहिलं. काका जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्यांचा तडा गेलेला मोबाइल टोपलीच्या काठाला टेकवलेला, आणि त्यात भिंतीवरच्या फोटोतल्या अनुसयाकाकू. पुतणीच्या लग्नाच्या हळदीला कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ होता. काकू हसत होत्या, मागे ठाणेदार प्रत्येक हसण्याला उत्तर देत होता आणि त्या उत्तरावर काकू पुन्हा हसत होत्या.

मी दिसलो तसे काका दचकले. मोबाइल बंद केला नाही.

"आतमंदी असतानाच पिल्लाले आवाज समजते," ते म्हणाले. "मायचा आवाज वळखूनच थे बाहेर येते. या बिचाऱ्यायले माय कुठं हाय? म्हनून हिचा आयकवून राहिलो." मग म्हणाले, "ठाणेदार आधी फक्त हिच्याच हासन्याले बोलायचा. दिवसभर दोघायचं हेच. मी वैतागायचो. म्हनायचो, काऊन हासते एवढी? हळू हास, लोक आयकून राहिले."

मी टोपली खाली ठेवली. काकू गेल्यापासून हा माणूस गावभरच्या लोकांना अंगणात उभं करून हसवत होता, मान हलवत होता, पोटातून हास म्हणत होता. माझ्यासकट सगळ्यांनी त्याची टिंगल केली होती. आमच्यातल्या कुणाचंच हसणं त्यांना का पटत नव्हतं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं आणि फार लाज वाटली.

अठ्ठाविसाव्या दिवशी पाच अंडी फुटली. चार गेली. त्या चारांचं पाप माझं आहे, हे मी सुनंदासमोर आणि काकांसमोर कबूल केलंय. काका म्हणाले, "पाच बी विषमच हाये," आणि विषय मिटवला.

पाचांत एकच नर निघाला. पावसाळाभर तो मुकाच होता. काकांनी सगळ्यांना पुन्हा कामाला लावलं. सरपंच हसले, डॉक्टर हसले, जवळच्या नागरा गावच्या देवळातून परतणारी अनोळखी मंडळीसुद्धा थांबून हसून गेली. नर नुसता मान वाकडी करून बघायचा. चहा मात्र सगळ्यांना मिळत होता, नियम तेवढा सैल झाला होता. मी सोडून. मला हसल्याशिवाय अजूनही नाहीच.

दिवाळीनंतर, धानाची कापणी आटोपली तेव्हा, एका सकाळी काकांनी कुंपणावरून हाक मारली. मी गेलो. काळा नर जांभळीखाली उभा होता. उन्हात अंगावर ती पितळेची झाक आली होती. काकांनी मोबाइल काढला आणि अंगठ्यानं दाबला. काकू हसल्या.

नरानं मान ताणली. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला, मग तोंड लालाचं निळं झालं, आणि तो बोलला. मोबाइलमधला ठाणेदारही बोलला. काकू आणखी हसल्या, तसा हा पुन्हा बोलला.

"वळखते थो तिले," काका म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हास म्हणतील म्हणून मी तयारी करत होतो, पण माझे डोळेच वाहायला लागले होते. काकांनी खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातात दिला आणि आत गेले. त्या दिवशी मला न हसता चहा मिळाला.