दाजींची आडवी भिंत

"भिंत आडवी असो नाहीतर उभी, विटा रांगेत बसवणं हा आपल्या हातचा मळ!" असं दाजींनी घरात जाहीर केलं, तेव्हाच त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला होता.

दाजी तीस वर्षं फरशी बसवत आलेले. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलत नसे. दाजींचं मतही हलत नसे. म्हणून तर मेहुण्याने त्यांना आपल्या साइटवर आणलं. तिथे गोदामाच्या भिंती जमिनीवर आडव्याच ओतायच्या होत्या. साच्यात रबरी चटई, चटईत विटेच्या मापाचे खण, प्रत्येक खणात विटेची पातळ, पाठीला खाचा असलेली चकती, वरून सळ्या आणि काँक्रीट. आठवड्याने क्रेनने उचलली की बाहेरून विटांची भिंत तयार! मेहुणा मालकाला म्हणाला होता, "दाजींचं काम बिघडलं तर माझी नोकरी घ्या."

"दाजी, एवढंच लक्षात ठेवा, विटेचं तोंड..."

"तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मी हेच करतोय! तोंड कुठे ठेवायचं ते मला शिकवतोस? जा, तुझी कामं बघ!"

बहिणीच्या नवऱ्यापुढे तो बोलणार किती? गेला बिचारा.

दाजींनी दिवसभर खपून विटा बसवल्या. खाचांची पाठ खाली, गुळगुळीत तोंड वर. ओल्या फडक्याने एकेक वीट पुसली. वर सळ्यांची जाळी आली, तेव्हा कोणी पाय देऊ नये म्हणून कुंपण घातलं असेल, असं समजून ते खूशही झाले. मग काँक्रीटचा पाइप आला आणि भसकन ओतायला लागला!

"अरे मेल्यांनो! माझ्या कामावर चिखल?" दाजी जाळीवर आडवे झाले. "आधी मला गाडा!"

मेहुणा धावत आला. "दाजी, उठा! विटा खाली, काँक्रीट वर. भिंत उभी केल्यावर खालची बाजू बाहेर येते! मी तेच सांगत होतो ना?"

दाजी उठले. खालची बाजू म्हणजे खाचा! पण एवढा तमाशा केल्यावर सगळ्यांसमोर कबूल कसं करायचं? तोवर काँक्रीटने विटांची तोंडं कायमची बंद केली होती, आणि दाजींनी आपलंही बंद केलं.

तो आठवडा त्यांना घास गोड लागला नाही. मेहुणा बिचारा रोज "दाजी, पाणी घ्या" म्हणत यायचा आणि दाजींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पश्चात्तापाने त्यांनी पुढच्या चार भिंती कान धरून, तोंड खाली घालूनच बसवल्या. ओतूनही झाल्या.

क्रेनने पहिली भिंत उभी केली. ओळी सरळ, पण वीट न् वीट खाचाखाचांची, ओरबाडल्यासारखी! मेहुण्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. मालक भिंतीजवळ गेले, हात फिरवला.

"कोणी केली ही?"

मेहुणा तोंड उघडणार, तोच दाजी पुढे झाले. "मी, साहेब. याने सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. याची नोकरी घेऊ नका."

"नोकरी? अहो, काय सुरेख दिसतेय! शंभर वर्षं पाऊस खाल्ल्यासारखी. सगळ्या भिंती अश्शाच हव्यात. यात बदल केलेला चालणार नाही!"

मेहुण्याने दाजींना मिठीच मारली. दाजी मात्र वाळत पडलेल्या चार भिंतींकडे बघत होते.

"त्या चार... बरोबर झाल्यात रे," ते हळूच म्हणाले.

"बरोबर म्हणजे?"

"तू सांगितलंस तशा."

मेहुण्याची मिठी सुटली. "दाजी, तीस वर्षांत कोणाचं ऐकलं नाहीत, आणि आत्ताच ऐकायचं सुचलं?"

"तेच तर!" दाजी कळवळून म्हणाले. "एकदा ऐकलं, तर बघ काय झालं!"