काटेनानांची रिकामी गाडी

"वजन किती?"

बाईमाणसाला भर गल्लीत, गाडीत बसता बसता असं कुणी विचारतं का हो? आमचे शेजारी काटेनाना विचारतात. मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझा एक पाय गाडीत नि एक रस्त्यावर होता, आणि मी तशीच थिजले. मला बघायला आलेल्या लोकांनी नाही नाही ते विचारलं होतं, पण वजन? तेही समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक कान टवकारून ऐकत असताना!

"अहो नाना, काय विचारताय!"

"लाजायचं काय त्यात? ट्रॅक्टर लाजतो का काट्यावर चढताना?"

नानांचं नाव रंगनाथ. शुगर फॅक्टरीच्या वजनकाट्यावर त्यांचा जन्म गेला. उसाची गाडी भरून आली की वजन, ऊस उतरवून परत निघाली की वजन, आणि वजाबाकी केली की आत ऊस किती आला ते कळलं. रिटायर होऊन राहात्याला आमच्या शेजारी घर बांधलं, पण डोक्यातला काटा काही उतरला नाही. लग्न असो, इलेक्शन असो, जावई असो, सगळ्याला त्यांचा एकच हिशेब. "भरती वजा रिकामी! बाकी समदा पाचोळा." एकदा आमच्या ह्यांच्या साहेबांविषयी बोलताना म्हणाले, "ह्यो मानूस भरती आन् रिकामी सारखाच भरंल." ह्यांना आजही ऑफिसात ते आठवून हसू आवरत नाही.

नानांच्या इंदूकाकू गेल्या वर्षी गेल्या. सुगरण बाई. घरात मिक्सर असून वाटण पाट्यावरच वाटायच्या आणि त्या वासाने आमच्या घरातली माणसं जेवता जेवता माझ्या भाजीला नावं ठेवायची. काकू गेल्या नि नानांच्या गाडीने ॲव्हरेज सोडलं. हो, त्याच सुमाराला. जुनी पांढरी गाडी, पण लिटरला भरपूर पळायची आणि नाना ते गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. ती एकदम पेट्रोल प्यायला लागली.

"गॅरेजला दाखवा की," हे म्हणाले.

"गॅरेजवाल्याला काय कळतंय? आपल्या घरचं दुखनं आपन बघायचं."

तिथून आमच्या डोक्याला ताप सुरू झाला. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि ओट्यापुढे गाडी उलगडायची. पहिल्या दिवशी एअर फिल्टर काढला. त्यात साठलेली धूळ झटकायला त्यांना सगळी गल्ली सोडून माझ्या कुरडयांच्या शेजारची जागा सापडली. पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत घातलेल्या, आणि नाना आपले पंपाने फुसफुस हवा मारतायत! मी किंचाळले. नाना शांतपणे म्हणाले, "गाडीला दम लागत हुता. आता बगा कशी श्वास घेती." कुरडया तळल्यावर दातांखाली करकर वाजल्या.

मग प्लग. काजळी धरलेले प्लग घासायला ब्रश मागायला आले. मी कपडे धुवायचा ब्रश शोधेपर्यंत बेसिनवरचा घेऊन गेलेसुद्धा. तो ह्यांचा दातांचा! हे कळलं तेव्हा ह्यांचे दात घासून झाले होते, कारण नानांनी काम झाल्यावर ब्रश धुऊन, नीट पुसून जागच्या जागी ठेवला होता.

सकाळी चहाच्या आधी टायरची हवा. टायर गार असतानाच हवा बघायची म्हणे, चाललेल्या टायरची हवा फुगून खोटं बोलते. मग जॅक लावून एकेक चाक हाताने गरागरा फिरवायचं आणि कान लावून ऐकायचं, ब्रेक कुठे घासतोय का. हे सगळं करून गाडी सुधारली, नाही असं नाही. पण नानांचं समाधान होईना. म्हणाले, "रिकामं वजन कमी कराया पायजे."

आणि मग जे सुरू झालं ते बघून मी हातच टेकले! वरचं कॅरिअर गेलं. मॅट गेल्या. एके दिवशी मी भाजी घेऊन येते तर नानांच्या ओट्यावर गाडीचं मागचं सीट, आणि त्यावर नाना चहा पीत बसलेले. "सोफा झाला," म्हणाले. गाडीत मागे सतरंजी अंथरली होती.

अशा गाडीतून आम्ही नगरला निघालो.

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी सकाळची वेळ दिलेली आणि ऐन वेळी ह्यांना सुट्टी मिळेना. नाना म्हणाले, "मी हाय की! चला." सासूबाईंना पुढे बसवलं, मला मागे सतरंजीवर. नानांनी आमचा जेवणाचा स्टीलचा डबा हातात तोलून बघितला आणि भाकरी फडक्यात बांधायला लावून डबा घरी ठेवायला लावला. तेही ऐकलं. डॉक्टर गाठायचा होता.

माझ्या पाठीमागे डिकीत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी टेकायला गेले तर नाना आरशातून ओरडले, "त्याला पाय लागू देऊ नका!" हत्यारं असतील म्हणून मी सावरून बसले.

उन्हाळ्याचे दिवस. एसी बंद, कारण तो पेट्रोल खातो. आणि काचाही बंद!

"नाना, निदान काच तरी उघडा. जीव जाईल हो!"

"काच उघडली की वारा आत शिरतो आन् गाडीला मागं वढतो. वाईच सोसा."

पुढे बसलेल्या सासूबाई पदराने वारा घेत पुटपुटल्या, "डोळ्याच्या आधी मीच जाती बघ आता."

राहुरीच्या अलीकडे खड्डा आला. मागे गोधडीतलं ते दण्णकन आदळलं आणि त्याचबरोबर टायर फुस्स झाला. नाना उतरले, चाकाकडे बघत उभे राहिले.

"स्टेपनी काढा की," मी म्हणाले.

"स्टेपनी घरी हाय. पलंगाखाली."

"काय? आणि जॅक?"

"त्योबी. निव्वळ लोखंड हाय ते."

रणरणतं ऊन, सत्तरी ओलांडलेली बाई, डॉक्टरांची वेळ, आणि हा माणूस स्टेपनी पलंगाखाली ठेवून आलाय! मी तणतणत डिकी उघडली. गोधडीत तरी काही कामाचं असेल म्हणून ओढून बघते तर काय, पाटा! चांगला काळ्या दगडाचा दणकट पाटा, वर वरवंटा.

"अहो नाना! बसायचं सीट काढलंत, स्टेपनी काढलीत, आमचा भाकरीचा डबा काढलात, आणि हा धोंडा गाडीत घालून फिरताय? तुमचं ॲव्हरेज हाच खातोय की!"

"मला म्हाईत हाय," नाना म्हणाले.

ते इतकं हळू म्हणाले की माझा राग तिथेच अडखळला.

एका टेम्पोवाल्याने गाडी थांबवली, त्याच्या जॅकवर चाक काढलं आणि पुढच्या गावातून पंक्चर काढून आणतो म्हणून घेऊन गेला. आम्ही लिंबाखाली बसलो. सासूबाई तेवढ्यात डिकीपाशी गेल्या. त्यांना दिसतं कमी, पण पाट्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "गुळगुळीत झालाय हो. टाकी लावायला झालाय."

पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग त्यावर काही वाटलं जात नाही, नुसतं घसरतं. तेव्हा छिन्नीने टाके मारून त्याला परत खरखरीत करून घ्यावं लागतं. एवढं मलाही ठाऊक होतं.

"तेच म्हनायची ती," नाना म्हणाले. "बाजारात टाकीवाला येतो, न्हेऊन आना. दर बाजाराला म्हनायची. मी म्हनायचो, येवढा धोंडा गाडीत घातला तर ॲव्हरेज मरंल. ती म्हनायची, बरं, ऱ्हाऊ द्या. त्याच गुळगुळीत पाट्यावर जोर लावून लावून वाटायची. हात दुखायचे तिचे. मला दिसत हुतं. तरी न्हेला न्हाई."

सासूबाईंचा हात पाट्यावरच होता.

"ती गेल्यावर उचलला आन् गाडीत घातला. न्हेला बाजाराला. टाकीवाल्यानं छिन्नी उचलली आन् मला कसंतरीच झालं. ह्ये बगा." उठून डिकीपाशी येऊन त्यांनी पाट्यावर बोट ठेवलं. मधोमध खोलगट झिजलं होतं. "ही झीज तिच्या हातची हाय. टाकी मारली की जानार. म्हनलं, थांब रं बाबा. परत आनला. पुढच्या बाजाराला परत न्हेला, परत आनला. घरात ठेवावा तर तिचं काम ऱ्हातं. टाकी मारावी तर..."

त्यांनी गोधडी परत पाट्यावर ओढली.

"म्हणून सीट काढलंत?" मी विचारलं.

"मग? ह्याला उतरवायचं न्हाई म्हनल्यावर, ह्याच्याइतकं दुसरं कायतरी उतराया पायजे. भरती वजा रिकामी."

"किती आहे ह्याचं वजन?"

सगळ्या गल्लीचं वजन तोंडपाठ असलेला माणूस. मी विचारलं आणि ते दुसरीकडेच बघायला लागले.

"काट्यावर न्हाई चढवला. हिंमत झाली न्हाई."

"अहो, मग किती काढायचं ते कळणार कसं?"

"कळत न्हाई ना," नाना म्हणाले. "म्हनून तर काढतोच हाय."

टेम्पोवाला चाक घेऊन आला. डॉक्टर चार शब्द बोलले, पण सासूबाईंचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं. संध्याकाळी डोळ्यावर पट्टी बांधलेल्या सासूबाई पुढे, मी मागे, असे परत निघालो.

तोच रस्ता, तेच खड्डे. पहिला खड्डा दिसला तसा मी मागे हात टाकून पाटा धरला. गाडी उतरली, चढली, पाटा आदळला नाही. मी हात तिथेच ठेवला.

नानांनी आरशात बघितलं. मग स्वतःच्या बाजूची काच खाली घेतली.

"तुमचीबी उघडा वाईच," ते म्हणाले. "गरम हुत असंल मागं."