घरी सांगायची कुस्ती

मंगळवारी सकाळी माझे यजमान बेलापूरच्या कचेरीत गेले. दुपारी कचेरीतला शिपाई ते वारल्याचं सांगायला आला. अभय तेव्हा सहावीत होता.

पुढे दहा-बारा दिवस माणसं येत राहिली. सगळ्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहून हळहळ व्यक्त केली. शेजारच्या हणमंत वस्तादांनी मात्र माझ्या पायांकडे पाहिलं. दारातच उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वैनी, वजन टाचंवर गेलंय तुमचं. जरा फुडं घ्या. न्हाईतर पडाल."

एवढं बोलून ते निघून गेले. मला राग आला. पण दार लावताना खाली पाहिलं, तर मी खरोखरच टाचांवर उभी होते.

वस्ताद साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या मार्केटात त्यांचा कोबी-फ्लॉवरचा गाळा होता आणि सानपाड्यात आमच्या भिंतीला भिंत लागून ते एकटे राहत. माणसाचं तोंड त्यांच्या लक्षात राहत नसे. जिन्यात खाली मान घालून येत आणि समोरच्याला पायांवरून ओळखत. तळमजल्यावरच्या जोशीबाईंना ते 'डाव्या पायाच्या बाई' म्हणत, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे हे त्यांना कधीच कळलं नाही. बोलताना ते समोरच्याचं मनगट धरत, थोडं ओढून, थोडं ढकलून पाहत. सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे एकदा जिन्यात असे सापडले, ते बराच वेळ सुटेनात. शेवटी काकुळतीला येऊन म्हणाले, "वस्ताद, हात सोरा ना. मना पान्याचा पंप चालू कराचा हाय."

"करा की. पर आधी तोल सांभाळा," वस्ताद म्हणाले.

त्यांची मतं पक्की होती. चष्मा लागतो तो बैठका न मारल्यामुळे. बुद्धिबळ बिनकामाचं, कारण त्यातल्या घोड्याला घाम येत नाही. इमारतीत केबल नुकतीच आली होती आणि मुलं तीवर परदेशी कुस्त्या बघत. वस्ताद एकदा आमच्या दारातून त्या बघत उभे राहिले. म्हणाले, "दोगं गोडीत हाईत. भांडत न्हाईत."

मार्केटच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी तालीम काढली होती. तिथली तांबडी माती गावाहून कोबीच्या ट्रकमधूनच येई. तिच्यात ते तेल, हळद, लिंबं आणि हंडाभर ताक ओतत. जोशीबाईंना ते बघवत नसे. "आम्ही कढीला ताक पुरवून पुरवून वापरतो, आणि हा माणूस मातीला पाजतोय."

अभय बोलेनासा झाला होता. हो, नाही, भूक नाही, एवढंच. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होते. पुस्तकाने हलकं होत नाही असं दुःख नसतं, अशी माझी समजूत होती. मी त्याला वाचून दाखवलं, बदाम भिजवून दिले, बुद्धिबळाचा पट आणला. तो पुस्तक उघडून बसे आणि पान उलटतच नसे. त्याच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण गणित अर्ध्यावर असताना कुठेतरी निघून जातो."

एका संध्याकाळी वस्तादांनी जिन्यात त्याचं मनगट धरलं आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या चपलांकडे, बघून म्हणाले, "पोरगं ढकललं तरी परत ढकलत न्हाई, वैनी. द्या माझ्याकडं."

"अभ्यासात मागे पडलाय तो. त्यात कुस्ती कसली?"

"म्हनून तर. वाचताना पोरगं थांबलं की पुस्तकबी थांबतंय. मातीत थांबलं तर वरचा थांबत न्हाई. डोकं चालवावंच लागतंय."

माझ्याकडचे उपाय संपले होते, म्हणून पाठवलं.

पहिल्या महिन्यात भूक लागली. मग झोप. दिवाळीच्या सुमारास तो भूमितीच्या एका प्रश्नापुढे बसला होता. मी नेहमीसारखी मदतीला गेले, तर हात करून मला थांबवलं. "थांब आई, तोड शोधतोय." प्रत्येक डावाला तोड असते, फक्त घाबरून घाई करायची नाही, हे त्याने मला समजावलं. समोर गणित होतं, पण तो त्याच्या पायांकडे पाहिल्यासारखा बघत होता, वजन कुठे आहे ते. सहामाहीनंतर वर्गशिक्षिकांनी विचारलं, "काय केलंत हो?"

मी म्हटलं, "बदाम."

खरं सांगायचं तर माझा जळफळाट होत होता. मी महिनोन्‌महिने ज्याच्यासाठी वाचत बसले, त्याचं डोकं एका पायांकडे बघणाऱ्या माणसाने चिखलात लोळवून चालू केलं होतं. रात्री जेवताना अभय आता बोलायचा, पण बोलायचा ते फक्त कुस्तीचं. कोणी कुठे पकडलं, याने काय केलं, त्याने काय केलं. वस्ताद म्हणाले, वस्ताद म्हणाले. मी ग्रंथालयातून कुस्तीचं एक पुस्तक काढून रात्री चोरून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी भाजी वाढता वाढता विचारलं, "मग तू धोबीपछाड का नाही टाकलीस?"

अभयचा घास हातातच राहिला. "आई, तो जमिनीवर पालथा होता. पालथ्या माणसाला खांद्यावरून कसं फेकू?" आणि तो हसला. बाबा गेल्यावर पहिल्यांदा. मीही हसले. पण ताटं घासताना वाटलं, हे हसूसुद्धा त्यांच्याच खात्यावर जमा झालं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की अभय माझ्याबरोबर ग्रंथालयात बसत असे. बाबा होते तेव्हापासूनची ती आमची वेळ. त्या हसण्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, म्हणाला, "आजपासून नाही, आई. शनिवारी आमच्या जोड्या लागतात." मग मी ठरवलं. मुलगा बरा झाला होता. आता तालीम पुरे. त्याच दिवशी चारच्या सुमारास मी तसं सांगायला शेडवर गेले.

कुस्त्या आटोपल्या होत्या. मुलं अंगावरची माती खरडत ओळीने बसली होती आणि वस्ताद दाराकडे पाठ करून एकेकाला विचारत होते, "काल घरी काय सांगितलंस?" एक मुलगा गप्प राहिला. "ज्याला घरी सांगता येत न्हाई, त्याला डाव कळला न्हाई. खोरं घे, माती उकर." मग अभयची पाळी आली.

"आईला कालच्या जोडीचं सांगितलं."

"आई काय म्हनली?"

"धोबीपछाड का नाही टाकलीस, म्हणाली."

मुलं फिदीफिदी हसली. वस्ताद हसले नाहीत. "दात काय काढताय? खाली हुता म्हनून लागली न्हाई. उभा असता तर? ऊठ, लावून दाखीव. अन आईला सांग, बरोबर इचारलंस, उभ्यानं लागती म्हनून."

मी दाराच्या पत्र्याला धरून उभी राहिले. जेवतानाचं बोलणं तेवढं माझं आहे, असं मी धरून चालले होते. तेही यांनीच लावून दिलेलं होतं.

मुलं नळाकडे गेली. वस्ताद वळले आणि माझे पाय पाहून म्हणाले, "वैनी, तुमी?"

"हे घरी सांगायचं कोणी काढलं? तुमच्या वस्तादांनी?"

"न्हाई. माझंच हाय."

"कशासाठी?"

ते माती चाचपत बसले. "आमची आय मी ल्हान असतानाच गेली. घरात इचारनारं कुनी न्हवतं. मैदानं मारली, फेटा बांधून घरी यायचो, कुलूप काढायचो, निजायचो. आता आटवाय बसलं तर एक कुस्ती धड आटवत न्हाई. कुनाला सांगितलीच न्हाई, तर ऱ्हानार कुठं?"

मी जे सांगायला आले होते ते सांगितलं नाही. म्हटलं, "जी थोडीफार आठवते ती सांगा."

त्यांनी पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग अडखळत सुरुवात केली. कुठल्याशा जत्रेत समोरचा गडी डावखुरा होता, आणि ऊन तोंडावर होतं. पुढचं आठवायला त्यांना वेळ लागला. मी थांबले. पुढे कितीतरी रविवारी सकाळी, अभय उठायच्या आधी, ते आमच्या दारात उभं राहून असंच काहीबाही आठवत, मी विचारत जाई, आणि कधीकधी एखादी कुस्ती निकालापर्यंत पोचे.

वस्ताद जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेडच्या जागी इमारत उभी आहे. अभय पूल बांधतो. हे डोकं कुठून आलं असं कोणी विचारलं की तो वस्तादांचं नाव घेतो, माझं घेत नाही, आणि ते मला अजून लागतं. पण वस्तादांच्या त्या कुस्त्या त्याला माहीत नाहीत. त्यांनी त्या त्याला कधी सांगितल्या नाहीत, मीही सांगितल्या नाहीत. त्या फक्त माझ्याकडे आहेत.